मोबाईलवर खराखुरा एफएम कसा लावायचा (नेट न वापरता)

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मी माहेरी होते, शिरोळ तालुक्यात, आणि महापुरामुळे तिथेच अडकले. लाईट गेलेली, टॉवर बंद, पॉवर बँक संपत आलेली. माझ्या फोनमध्ये एफएम होता, पण ॲप उघडलं की एकच ओळ यायची, हेडफोन जोडा. आणि हेडफोन तर मी पंधरा दिवसांपूर्वीच फेकून दिलेला, कारण त्याच्या एका कानातून आवाज येईनासा झाला होता. शेजारच्या आप्पांकडे जुना बटणाचा फोन होता, त्याला वायर लावून ते सकाळ-संध्याकाळ कोल्हापूर केंद्र लावायचे आणि ऐकून झालं की गच्चीवरून ओरडून सांगायचे, राधानगरीचे किती दरवाजे उघडलेत, अलमट्टीतून किती सोडतायत, कुठला रस्ता बंद झालाय. अख्खी गल्ली त्या एका वायरीवर होती.

नंतर कळलं की मी फेकलेला तो एका कानाचा हेडफोन अँटेना म्हणून व्यवस्थित चालला असता. ते माझ्या डोक्यातून आजही जात नाही. तेव्हापासून नात्यात कुणी नवा फोन घेतला की मी आधी त्यातला रेडिओ शोधते आणि लावून देते, आणि तेच सगळं इथे नीट लिहितेय, म्हणजे तुम्ही घरबसल्या करू शकाल. अर्धा तास लागतो. पण हे लाईट आणि रेंज असतानाच करून ठेवायचं काम आहे.

आधी एक गोंधळ मिटवू

फोनवर रेडिओ ऐकायचे दोन पूर्ण वेगळे प्रकार आहेत आणि लोक दोन्हीला रेडिओच म्हणतात, म्हणून घोळ होतो. एक म्हणजे नेटवरून येणारा रेडिओ. तो यूट्यूबसारखाच, डेटा खातो आणि रेंज गेली की बंद. दुसरा म्हणजे आकाशवाणीच्या किंवा खासगी स्टेशनच्या मनोऱ्यावरून हवेतून येणारी लहर तुमचा फोन थेट पकडतो तो. त्याला सिम लागत नाही, रिचार्ज लागत नाही, वायफाय लागत नाही. आजीचा ट्रान्झिस्टर जे करायचा तेच फोन करतो. या लेखात मी एफएम म्हणेन ते या दुसऱ्यालाच.

तुमच्या फोनमधलं ॲप यातलं कुठलं हे ओळखायची सोपी परीक्षा आहे. मोबाईल डेटा आणि वायफाय दोन्ही बंद करा आणि ॲप चालू करा. आवाज आला तर खरा एफएम, 'नो इंटरनेट' आलं तर नेटवाला. एअरप्लेन मोड टाकूनही बघता येतं, पण काही फोनमध्ये एअरप्लेन मोडला एफएमचं ॲपच उघडत नाही आणि माणूस उगाच समजतो की रेडिओ नाही, म्हणून डेटा-वायफाय बंद करून बघणं जास्त भरवशाचं.

आणि हे कळकळीने सांगते, प्ले स्टोअरवर 'विदाऊट हेडफोन, विदाऊट इंटरनेट' अशा नावाची जी ढीगभर ॲप्स दिसतात ती घेऊ नका. फोनच्या आत एफएमचा भाग नसेल किंवा कंपनीने तो बंद ठेवला असेल तर वरून टाकलेलं साधं ॲप तो निर्माण करू शकत नाही, ते शक्यच नाही. ती बहुतेक नेटवरचीच स्टेशनं वाजवतात, मध्येमध्ये जाहिराती दाखवतात आणि वर काँटॅक्ट्स, लोकेशन अशा परवानग्या मागतात. रेडिओ ऐकायला तुमच्या काँटॅक्ट लिस्टची काय गरज आहे? माझ्या मामांच्या फोनमध्ये अशी चार ॲप्स निघाली, आणि फोनचं स्वतःचं एफएम ॲप मात्र 'टूल्स'च्या फोल्डरमध्ये वर्षभर न उघडता पडून होतं.

वायर का लागते

हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो, की ब्लूटूथ आहे ना, मग वायर कशाला. वायर ऐकण्यासाठी नाही, पकडण्यासाठी लागते. आपल्याकडे एफएम ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. १०० मेगाहर्ट्झला एका लहरीची लांबी ३ मीटर भरते आणि ती नीट पकडायला तिच्या साधारण पाव लांबीची, म्हणजे ७५ सेंटीमीटरची तार लागते. वायफायची लहर सव्वाबारा-साडेबारा सेंटीमीटरची, तिची अँटेना फोनच्या कडेला सहज बसते, एफएमची कुठून बसणार? म्हणून फोन बनवणाऱ्यांनी युक्ती केली की हेडफोनची मीटरभर वायर आहेच, तीच अँटेना म्हणून वापरू.

आता हेडफोनच्या पिनकडे जरा जवळून बघा. त्यावर काळ्या किंवा पांढऱ्या दोन-तीन बारीक रेघा असतात, त्या रेघांमुळे पिनचे वेगवेगळे तुकडे पडतात, एक डाव्या कानाचा, एक उजव्या कानाचा, एक माईकचा आणि एक सगळ्यांचा सामाईक, त्याला ग्राउंड म्हणतात. एफएमसाठी फोन साधारणपणे हीच ग्राउंडची तार वापरतो. म्हणजे डावा कान गेला, उजवा गेला, माईक गेला, रबर हरवलं, तरी ग्राउंडची तार शाबूत असेल तर अँटेना चालू. तुमच्या ड्रॉवरमध्ये असा एखादा 'खराब' हेडफोन नक्की असेल. तो फेकू नका. पिनजवळची वायर हलवल्यावर खरखर एकदम कमी-जास्त होत असेल तर मात्र तार तिथेच तुटत आलेली आहे, तो कामाचा नाही.

यातूनच पुढचं उत्तर मिळतं की हेडफोन लावला तरी कानात घालायची सक्ती नाही. बहुतेक एफएम ॲपमध्ये स्पीकरचं चिन्ह असतं, ते दाबलं की आवाज फोनच्या स्पीकरवर येतो आणि वायर नुसती लोंबत राहते, अँटेना म्हणून. स्वयंपाक करताना मी असंच ऐकते. काही फोनमध्ये वायर अँटेनाला आणि आवाज ब्लूटूथ स्पीकरवर असंही जमतं, सगळ्यात नाही. ते जमत नसेल आणि मोठा आवाज हवा असेल तर दोन्हीकडे पिन असलेली ऑक्स केबल फोनमधून स्पीकरला जोडा, तीच केबल अँटेना होते आणि आवाजही तिच्यातूनच जातो, एका वायरीत दोन कामं.

टाइप-सी वाल्यांचं दुखणं वेगळं आहे. ज्या फोनला हेडफोनचं गोल भोकच नाही त्यात टाइप-सीचा हेडफोन किंवा कनेक्टर लावून एफएम लागेल याची खात्री देता येत नाही, कारण त्या वायरीतून आवाज बऱ्याचदा डिजिटल जातो आणि एफएमच्या भागापर्यंत अँटेनाची वाट पोचतेच असं नाही. लावून बघायला हरकत नाही, पण फक्त त्यासाठी पैसे घालू नका.

तुमच्या फोनमध्ये आहे का, हे कसं शोधायचं

सगळ्यात आधी फोनला हेडफोनचं गोल भोक आहे का बघा. असेल तर शक्यता चांगली. मग ॲप्सच्या यादीत वरच्या सर्चमध्ये 'एफएम' आणि 'रेडिओ' असं दोन्ही इंग्रजी स्पेलिंगने टाइप करा. कंपन्या हे ॲप कुठल्याही फोल्डरमध्ये कोंबतात, कधी टूल्स, कधी कंपनीच्या नावाचं फोल्डर. तिथे नाही मिळालं तर सेटिंग्जमध्ये ॲप्स, मग 'सी ऑल', आणि तीन टिंबं दाबून 'शो सिस्टीम', आणि त्या लांबलचक यादीत शोधा. कधीकधी ॲप असतं पण 'डिसेबल' केलेलं असतं, तिथेच 'एनेबल' दाबायचं. सॅमसंगच्या फोनमध्ये याचं नाव नुसतं 'रेडिओ' असतं, बाकी ठिकाणी बहुधा 'एफएम रेडिओ'.

तरी सापडलं नाही तर टेस्ट मेनू. सॅमसंगच्या डायलरवर *#०*# आणि शाओमी-रेडमीवर *#*#६४८४#*#* टाइप केलं की फोन तपासायचा पडदा उघडतो, त्यात काही मॉडेलमध्ये एफएमचं बटण असतं. ते दिसलं म्हणजे फोनमध्ये हा भाग आहे. त्या पडद्यावर इतर काही दाबत बसू नका, बघून बाहेर या.

आयफोनवाल्यांनी शोधूच नका, त्यात एफएम नाही. ॲपलने २०१७ मध्ये स्वतःच सांगितलं होतं की आयफोन ७ आणि ८ मध्ये एफएमची चिपही नाही आणि त्यासाठीची अँटेनाही नाही.

अँड्रॉइडमध्ये मात्र गंमत अशी की अनेक फोनमध्ये वायफाय, ब्लूटूथ आणि एफएम हे तिन्ही एकाच चिपमध्ये असतात, म्हणजे एफएमचा भाग फोनच्या आत येऊन बसलेला असतो, पण कंपनी त्याला अँटेना जोडत नाही किंवा सॉफ्टवेअरमध्ये बंद ठेवते. तुम्ही पैसे दिलेली वस्तू तुमच्याच खिशात बंद पडलेली. याच कारणाने २०२३ च्या एप्रिलअखेरीस केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने मोबाईल बनवणाऱ्यांच्या संघटनांना सूचना पाठवली की ज्या फोनमध्ये एफएम आहे त्यात तो बंद ठेवू नका, आणि कारणांमध्ये आपत्तीच्या वेळचा उपयोग स्पष्ट लिहिला होता. पण ती सूचना आहे, कायदा नाही, म्हणून फोन घेताना आपणच विचारायला हवं. दुकानात मी खिशात वायरवाला हेडफोन घेऊनच जाते आणि डेमो पीसवर लावून दाखवा म्हणते. दुकानदार आधी हसतात, मग लावून देतात. माझ्या मते घरात निदान एक फोन तरी गोल भोकाचा आणि एफएमवाला असावाच, मग तो साधा बटणाचा असला तरी चालेल. बटणाच्या फोनात तो अजून सर्रास मिळतो आणि नोकियाच्या काही साध्या फोनांत तर 'वायरलेस एफएम' आहे, म्हणजे अँटेना आतच दिलेली, हेडफोनशिवाय लागतो. अर्थात वायर लावली की त्यातही जास्त स्वच्छ येतो.

पहिल्यांदा लावताना

वायर लावा, पूर्ण आत, टक् असा आवाज येईपर्यंत. जाड कव्हरमुळे पिन अर्धी बाहेर राहते आणि फोन 'हेडफोन जोडा' म्हणत बसतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता आधी कव्हरच काढते. भोकात कापूस-धूळ साचलेली असली तरी तेच होतं, लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा, सुई नको.

मग खिडकीजवळ किंवा गच्चीत जा. पहिला स्कॅन घराच्या आतल्या खोलीत करू नका, कारण ऑटो स्कॅन फक्त जोरदार येणारी स्टेशनं यादीत घेतो आणि कमजोर सोडून देतो, आणि मग लोक म्हणतात आमच्याकडे दोनच लागतात. ॲपच्या सेटिंगमध्ये रिजन किंवा बँड असं काही असेल तर भारत किंवा ८७.५ ते १०८ निवडा. बाहेरून मागवलेल्या फोनात कधी जपानचा पट्टा असतो, तो ७६ पासून सुरू होऊन १०८ च्या बराच आधी संपतो, मग वरची स्टेशनं लागणारच नाहीत.

आता वायर सरळ मोकळी सोडून स्कॅन दाबा, मिनिटभरात यादी येईल. ती आली की थांबू नका, खरं काम इथून पुढे. तुमच्या भागातल्या आकाशवाणी केंद्राचा नंबर ठाऊक असेल तर हाताने तिथे जा. बाजूचे बाण एका दाबात ०.१ ने पुढे सरकतात. थोडी खरखर असली तरी बोलणं कळत असेल तर स्टार दाबून फेव्हरिटमध्ये टाका, आणि नाव बदलायची सोय असेल तर नुसत्या आकड्याऐवजी 'आकाशवाणी कोल्हापूर' असं नाव द्या. काही स्टेशनं स्वतःचं नाव लहरीसोबतच पाठवतात, ते पडद्यावर आपोआप दिसतं, सेटिंगमध्ये 'आरडीएस' चालू असायला हवं.

स्क्रीन बंद झाल्यावर थोड्या वेळाने रेडिओ बंद पडत असेल तर तो फोनच्या बॅटरी वाचवण्याच्या सोयीचा प्रताप असतो. ॲपवर दाबून धरा, ॲप इन्फो, बॅटरी, आणि तिथे 'अनरिस्ट्रिक्टेड' किंवा 'नो रिस्ट्रिक्शन' करा. स्लीप टायमर बहुतेक ॲपमध्ये असतो, रात्री ऐकत झोपणाऱ्यांनी अर्धा तास लावून ठेवावा. बॅटरीचं म्हणाल तर स्क्रीन बंद ठेवून, डेटा बंद ठेवून एफएम ऐकला तर नेटवरून ऐकण्यापेक्षा फार कमी खातो, आणि लाईट नसलेल्या दिवसात हीच गोष्ट सगळ्यात मोलाची असते. स्पीकरपेक्षा कानात ऐकलं तर आणखी वाचते.

खरखर येतेय, काय करू

एफएम ही बऱ्यापैकी सरळ जाणारी लहर आहे. मनोरा आणि तुमच्यामध्ये डोंगर आला की अडते, आरसीसी आणि पत्र्याने कमी होते. आंबा घाट उतरायला लागलं की कोल्हापूर विरत विरत जातं, एका वळणावर स्वच्छ आणि पुढच्या वळणावर नुसता श्श्श, हे कोकणात जाणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. घरातही तसंच, म्हणून जागा बदलणं हा पहिला उपाय. तोही मोठा बदल नको. लहर ३ मीटरची आहे, भिंतींवरून उलटून येणाऱ्या लहरी कुठे एकमेकींना मारतात तर कुठे साथ देतात, त्यामुळे फोन हातभर सरकवला तरी फरक पडतो. माझ्या ओट्यावर गॅसच्या बाजूला अजिबात लागत नाही आणि पाण्याच्या फिल्टरशेजारी लख्ख लागतो, अंतर दीड हात.

दुसरा उपाय वायरीचा. गुंडाळी करून ठेवलेली वायर म्हणजे अर्धी अँटेना वाया. ती सरळ सोडा, उभी किंवा आडवी दोन्ही करून बघा, खिडकीच्या गजाला चिमट्याने अडकवली तरी चालेल. पावसाळ्यात विजा कडाडत असतील तेव्हा मात्र वायर गच्चीत किंवा गजाला लावू नका.

तिसरा उपाय बहुतेकांना माहीतच नसतो, तो म्हणजे स्टिरिओ बंद करून मोनो करणं. स्टिरिओसाठी बराच जोरदार सिग्नल लागतो, तो कमी पडला की मागे सतत सूं असा आवाज येतो. सेटिंगमध्ये मोनोचा पर्याय असेल तर तो करा, आवाज दोन्ही कानांत एकसारखा होईल पण सूं पुष्कळ कमी होईल. बातम्या ऐकायला स्टिरिओ लागतोच कशाला?

आणि चौथं, फोन चार्जिंगला लावून ऐकू नका. स्वस्तातले चार्जर आणि काही एलईडी बल्ब एफएमवर गुरगुर आणतात. खात्री करायची असेल तर रेडिओ चालू ठेवून घरातल्या दिव्यांचं, चार्जरचं एकेक बटण बंद करत जा. आमच्या वहिनींच्या घरी दोन वर्षं 'इथे रेडिओ लागतच नाही' म्हणत होते, दोष निघाला देवघरातल्या माळेच्या छोट्या दिव्यांचा.

काय कुठे लागतं

आकाशवाणीचं कोल्हापूर १०२.७ वर, पुण्यात विविध भारती १०१ वर, मुंबईत एफएम गोल्ड १००.७ आणि रेनबो १०७.१, पणजीत रेनबो १०५.४. खासगीपैकी ९८.३, ९३.५, ९१.१ हे आकडे बऱ्याच शहरांत तेच दिसतील, कोल्हापुरात ९४.३ वर टोमॅटो एफएम. लहान कम्युनिटी रेडिओ मात्र हाताने शोधावे लागतात. त्यांना साधारण १०० वॅटची परवानगी असते, दहा-पंधरा किलोमीटरपलीकडे ते पोचत नाहीत आणि ऑटो स्कॅनमध्ये हमखास सुटतात. माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी तरंग ९०.४ वर, पुण्यात विद्यापीठाची विद्यावाणी १०७.४ वर. त्या परिसरात असाल तर मुद्दाम लावा, आपल्या बोलीत, आपल्या पिकापाण्याबद्दल बोलणारे लोक तिथे ऐकू येतात.

आता एक निराशा सांगून टाकते. आकाशवाणीची बरीच जुनी मराठी केंद्रं एफएमवर नाहीत, मीडियम वेव्हवर आहेत. पुणे ७९२ किलोहर्ट्झ, मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८, सोलापूर ६०२. हे आकडे किलोहर्ट्झचे आहेत, मेगाहर्ट्झचे नाहीत, आणि मोबाईलमधला एफएम ते पकडत नाही. ७९२ ची लहर पावणेचारशे मीटर लांब असते, तिच्यासाठी ट्रान्झिस्टरमध्ये काळ्या दांडीवर तांब्याची तार गुंडाळलेली असते, ती फोनात नसते. म्हणून पुण्याचे आजोबा जे केंद्र आयुष्यभर ऐकत आले ते फोनच्या एफएममध्ये शोधून शोधून सापडत नाही, त्यात त्यांची काही चूक नसते. त्यासाठी दोनच मार्ग, एक तर मीडियम वेव्हवाला ट्रान्झिस्टर किंवा नेट.

नेटवरून ऐकायचं असेल तर

प्रसार भारतीचं 'न्यूज ऑन एअर' ॲप घ्या, फुकट आहे, त्यात आकाशवाणीच्या देशभरातल्या दोनशेपेक्षा जास्त वाहिन्या आहेत. मराठी केंद्रं भाषेवरून किंवा राज्यावरून शोधता येतात. दुबईत किंवा न्यू जर्सीत बसलेल्या मराठी माणसाला हाच मार्ग, आणि माझी मावसबहीण मस्कतमध्ये सकाळी डबा भरताना आपलं केंद्र लावते ते यावरच. प्रसार भारतीचं 'वेव्हज' म्हणून २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेलं ॲप आहे, त्यातही रेडिओ आहे, पण नुसता रेडिओ ऐकायला मला पहिलं बरं वाटतं.

डेटा किती जातो याचा हिशोब सोपा आहे. ६४ केबीपीएसचा प्रवाह असेल तर तासाला २९ एमबीच्या आसपास, १२८ चा असेल तर ५८. रोज चार तास ऐकलं तरी महिन्याला साडेतीन ते सात जीबी, आजच्या रोजच्या डेटाच्या प्लॅनमध्ये हे बसतं. तेव्हा खर्च हा मुद्दा नाही, मुद्दा रेंज असण्या-नसण्याचा आहे. आणि उशिराचा. नेटवरचा आवाज काही सेकंद, कधी अर्धा मिनिटसुद्धा मागे असतो. एकदा दोन फोन शेजारी ठेवून एकावर एफएम आणि एकावर ॲप लावा, एकावर वाक्य संपून पुढचं सुरू होतं आणि दुसऱ्यावर तेच वाक्य मागून येतं. घड्याळ लावायचं असेल तर एफएमवरच लावा.

फोनमध्ये एफएम नाहीच असं ठरलं तर

नवा फोन घ्यायची गरज नाही. घरातला जुना फोन काढा, ज्याची स्क्रीन तडकलीय किंवा जो सिम पकडत नाही. त्याला एफएम असेल तर तो आता रेडिओ, सिम नको काही नको. बॅटरी फुगलेली असेल तर मात्र तो वापरू नका. दुसरं, तुमच्याकडे असलेला स्वस्तातला ब्लूटूथ स्पीकर नीट बघा, त्यातल्या पुष्कळांत एफएम असतोच, 'एम' किंवा 'मोड' चं बटण दाबत गेलं की लागतो आणि चार्जिंगची केबल त्यात खोचली की तीच अँटेना होते. लोकांकडे वर्षानुवर्षं स्पीकर असतो आणि हे कुणी सांगितलेलंच नसतं. तिसरा पर्याय सेलवर चालणारा छोटा पॉकेट ट्रान्झिस्टर, ज्यात एफएम आणि मीडियम वेव्ह दोन्ही आहे असा. नदीकाठच्या आणि किनाऱ्यावरच्या घरांत मी हाच घ्या म्हणते, २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ गेलं तेव्हा रायगड आणि दापोली-मंडणगडकडे लाईट आणि नेटवर्क यायला किती दिवस लागले ते तिकडच्या लोकांना विचारा.

आईच्या फोनवर मी काय करून ठेवलंय

आईचं वय सत्तरीच्या पुढे, तिला यादी, बाण, फेव्हरिट यातलं काही नको असतं. मी एफएमचं चिन्ह तिच्या पहिल्या पडद्यावर खालच्या ओळीत, फोन करायच्या हिरव्या चिन्हाशेजारी ठेवलं. फेव्हरिटमध्ये दोनच स्टेशनं ठेवली, बाकी सगळी काढून टाकली. बहुतेक ॲप शेवटचं लावलेलं स्टेशनच परत लावतात, त्यामुळे तिला उघडून फक्त मधलं गोल बटण दाबायचं असतं. स्पीकरचं चिन्ह कुठलं ते दाखवलं. मग मी बाजूला बसले आणि तिच्याकडून पाच वेळा करून घेतलं, वायर लावण्यापासून बंद करण्यापर्यंत, मी हात न लावता. हे पाच वेळाचं काम टाळू नका, आपण करून दाखवलं की त्यांना आलं असं होत नाही. तिसऱ्या वेळी ती वायर चार्जिंगच्या भोकाशी नेत होती, मग मी गोल भोकाशेजारी कव्हरवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला.

आणि आता दर मे महिन्याच्या शेवटी, पाऊस सुरू व्हायच्या आधी, मी फोन करून तिला डेटा बंद करून एकदा रेडिओ लावायला सांगते. फोन चालू असताना रेडिओ गप्प होतो, म्हणून ती आधी ठेव म्हणते, लावते, ऐकते आणि मग मला परत लावते. वायर देवघराच्या खालच्या कप्प्यात, मेणबत्त्या आणि काडेपेटीच्या डब्यात आहे, त्याच डब्याच्या झाकणावर आतून चिकटवलेल्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलंय: आकाशवाणी कोल्हापूर, १०२.७.